पडद्यावरच्या साहेबाची सोयरीक

माझं लग्न एका विलायती बाईच्या अब्रूवर अडलं होतं. बाई पडद्यावरची होती, एवढाच काय तो दिलासा!

ते मूकपटांचे दिवस. लोणावळ्याच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस चित्रातलं बोलणं मराठीतून ओरडून सांगायचा. त्या शनिवारी त्याचा घसा बसला. नेमकी त्याच दिवशी कान्हे गावची मुलीकडची मंडळी मला बघायला आलेली, आणि आम्ही त्यांना हौसेनं सिनेमाला नेलेलं. आमच्या मामांना फुशारकीचं भारी वेड. मुलीचे वडील आबा शेजारीच उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मामा तंबूवाल्याला म्हणाले, "आमच्या भाच्याला उभा करा की! इंग्रजी म्हणजे त्याच्या हातचा मळ!"

(मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. माझं इंग्रजी बटाट्याच्या पोत्यांवरच्या चिठ्ठीपुरतं!)

नाही म्हणावं तर सोयरीक मोडते. राहिलो उभा.

खेळ निघाला एका विलायती नाटकावरचा. राणीच्या काळातलं, चटकदार बोलण्यासाठी गाजलेलं नाटक, असं तंबूवाला सांगत होता. आणि चित्र मुकं! मारामारी नाही, घोडे नाहीत. दिवाणखान्यात माणसं चहा पितात आणि ओठ हलवतात. मधूनच पडदाभर इंग्रजी मजकूर येतो, पुढच्या खुर्च्यांवरचे बंगलेवाले खो-खो हसतात, आणि मजकूर जातो.

पडद्यावरचा एक साहेब बराच वेळ बोलला. सगळा तंबू माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

"साहेब म्हणतोय... व्हय!" मी ओरडलो.

"येवढं बोलून निस्तं व्हय?" आबांनी विचारलं.

"इंग्रजीत व्हय लांब असतं, आबा!"

इतक्यात एक गोरी बाई आली आणि साहेबाला खेटून बसली. कनातीपलीकडे बायका होत्या, त्यांत माझी होणारी बायको यसू. मर्यादा राखायला हवी! मी ठणकावून सांगितलं, "ही साहेबाची धाकटी बहीण. भाऊबिजेला माहेरी आलीय!"

बायका खूश झाल्या. तोच साहेब गुडघ्यावर बसला आणि बहिणीच्या हाताचे पटापट मुके घेऊ लागला.

"आरं आरं आरं!" आबा ताडकन उठले. "बंद करा त्यो पडदा! चला रं समदी घरला!"

सोयरीक दाराबाहेर चाललेली मला दिसली. "सख्खी नव्हे हो, आबा! मामाची मुलगी!"

तंबू शांत झाला. मामाची मुलगी म्हणजे हक्काचीच, आमच्या मावळात त्यात काही वावगं नाही. आबा पुन्हा बसले.

"मंग ठीक हाय. मामा कुटाय तिचा... न्हाई, त्येचा?"

मी कोपऱ्यातल्या मिशाळ म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं लगेच खिशातून अंगठी काढली आणि त्याच मुलीपुढे गुडघे टेकले!

"बाप हाय नव्हं त्यो?"

"माप बघतोय, आबा! भाच्याच्या वतीनं!"

मग साहेबानं दुसऱ्याच एका तरुण बाईचा हात धरला. तोवर पडद्यावर आल्यागेल्या बायकांना वाटून माझी सगळी नाती संपली होती. मावशी, आत्या, मामी, काही उरलं नव्हतं.

"आन् ही कोन?"

"ही... साहेबाची आजी!"

वीस वर्षांची आजी! मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

खेळ संपला. आबा थेट माझ्यासमोर आले. "लेका, खरं सांग. इंग्रजी येतं का तुला?"

आता काय लपवायचं! "न्हाई, आबा. पोत्यावरचं तेवढं येतं."

"ब्येस झालं!" आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आमास्नी त्योच घोर व्हता. इंग्रजी शिकल्याला जावई पोरीला घिऊन म्हमईला जातोय, पुन्ना तोंड दावत न्हाई. तुला हितनं कोन न्हेतंय? उडवा बार!"

बार उडाला. माझ्या अडाणीपणावर जमलेलं हे लग्न, पण मी तेव्हा आनंदानं नाचायचाच बाकी होतो.

काही वर्षांनी तेच नाटक बोलपट होऊन आलं. मी मोठ्या ऐटीत यसूला घेऊन गेलो. साहेबानं तोंड उघडलं, तशी जुन्या सवयीनं मी तिच्या कानाशी लागलो, "साहेब म्हणतोय—"

यसूनं कोपरानं ढोसलं.

"आता त्येंचं त्येस्नी बोलाय येतंय. तुमी गप ऱ्हावा. फकस्त आजी आली की तेवढी दावा!"