पडदा नसलेली पेटी

डॉक्टरीणबाईंनी मला पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून आमच्या ह्यांनी घरात भंगार आणायला सुरुवात केली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. केडगावला पुणे रोडच्या कडेला आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालायचं: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सत्काराची मानपत्रं. हे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनदुरुस्तीला होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे.

कंपनीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले होते आणि जुन्यांचा ढीग स्टोअरमध्ये पडला होता. साहेबांना विचारून हे रोज मोपेडला काहीतरी बांधून आणत. एका बाजूचा पत्राच नसलेलं कॅबिनेट आलं. दोन हार्ड डिस्क आल्या, त्यातली एक चालली तर चालायची. कुठल्या तरी तिसऱ्याच यंत्राचा पंखा आला. मी पाचव्या महिन्यात, डाव्या कुशीवर पडलेली, छताचे पत्रे मोजून संपलेले, आणि नवरा समोर फरशीवर मांडी घालून स्क्रू पिळतोय. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची. दोन शब्द बोलायला ह्यांच्याकडे वेळ नव्हता, पण गंजलेला पत्रा घासायला होता.

"हे काय चाललंय?" मी एकदाचं विचारलं.

"फाइल सर्व्हर करतोय. तुझं मशीन पलंगाशी लावतो. तू टेकून टाईप करायचंस, फाइल वायरीतून बाहेरच्या पेटीत जाऊन बसेल. संध्याकाळी मी तिथून घेऊन प्रिंट काढीन. आईला फ्लॉप्या घेऊन आतबाहेर करायला नको."

एवढी वाक्यं हे एका दमात कधी बोलल्याचं मला आठवत नाही. लग्नातही नाव घ्यायला दहा वेळा आग्रह करावा लागला होता.

पेटी बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर बसली. तिला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता, नुसती घरघर होती. भिंतीला भोक पाडून काळी वायर माझ्या पलंगाशी आली. आत्यांना वाटलं केबल घेतली. "ह्याच्यावर शिरेल दिसत्यात का?" त्यांनी विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्यांचा पेटीतला रस संपला.

"दर दहा मिनिटांनी सेव्ह करत जा," ह्यांनी मला बजावलं. "लाईट जाते." मग रोज जाताना तेच. सेव्ह कर. सेव्ह करत जा.

मी काम सुरू केलं, आणि खरं सांगते, जीव रमला. पण आठवडाभरात एक गोष्ट लक्षात आली. मी जरा हात थांबवून डोळे मिटले की आत्या पडदा सारून हजर. "ताक घेतीस का गं?" पुन्हा कधी थांबले की, "डास हायेत का बघाया आले." टाईप करत असले तर कुणी फिरकायचं नाही. काम थांबलं की मात्र पहारा सुरू! बाहेर मधूनच टीं टीं वाजायचं. त्याबद्दल विचारलं तर हे म्हणाले, लाईटच्या चढउतारानं वाजतं.

एका संध्याकाळी माझा तोल गेला. "तुमच्या आईला माझ्यावर मुकादम नेमलंय का? पोटुशी बाई आहे मी, घाण्याचा बैल नाही!"

ह्यांनी मान खाली घातली. "सेव्ह करत जा," एवढंच म्हणाले. त्या रात्री मी जेवले नाही.

इथं मागचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मला असेच दिवस होते. एका दुपारी पोटात कळ आली. बाहेर पत्रिकेचं गिऱ्हाईक बसलेलं, चार-पाच पुरुष. कुणा काकांचं नाव आधी टाकायचं यावर त्यांची तासभर हुज्जत चालली होती, आणि आत्या त्यांना चहा देत होत्या. मी आत तोंडात पदर कोंबून पडून होते. परकी माणसं बसलेली असताना घरातल्या सुनेनं आतून ओरडायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण हाडात मुरलेलं होतं. ती गेली की हाक मारू, असं म्हणत राहिले. ती गेली तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात ह्यांनी एकदाच विचारलं, "हाक का नाही मारलीस?"

"माणसं होती," मी म्हटलं.

त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटायचं, ह्यांनी मला माफ केलेलं नाही.

तर भांडणानंतर दोन दिवसांनी, रागातच काम करताना, आमच्याच समाजातल्या एका 'मंगल परिणय'च्या पत्रिकेवर मी आधीच्या पत्रिकेतलं 'श्री गणेशाय नमः' तसंच ठेवलं. आत्या कागद नाचवत आल्या. बरोबर मजकुराची जुनी फाइल शोधायला मी पेटीतली यादी उघडली, तर तिथं मी न केलेली एक फाइल होती. उघडून पाहिली. तो एक छोटा प्रोग्रॅम होता. कॉम्प्युटर क्लासात 'बेसिक' ही प्रोग्रॅमची भाषा शिकले होते, तेवढ्यावर उलगडलं. माझी शेवटची फाइल किती वाजता सेव्ह झाली ते पेटी बघत होती. वीस मिनिटं उलटली की तिनं वाजायचं. आणि वाजायच्या आधी पडद्यावर दाखवायचं एक वाक्य, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: आई, ती गप्प आहे. बघून ये.

पेटीला पडदाच नव्हता. ते वाक्य कुणाला कधी दिसणार नव्हतं. आत्यांना तर इंग्रजी अक्षर येत नव्हतं. तरी ह्यांनी ते लिहिलं होतं.

मला रडू आवरेना. जरा वेळानं डोळे पुसले आणि मुद्दाम हात आवरून पडून राहिले. बाहेर टीं टीं झालं. पडदा सरकला.

"ताक घेतीस का गं?"

"घेते," मी म्हटलं. "आत्या, ती पेटी का वाजते?"

आत्या गडबडल्या. "मला काय ठावं. त्यो म्हनला, वाजली की तिला बघायचं आन् हितलं बटन दाबायचं. तिला सांगू नगं म्हनला, चिडंल." मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "त्या टायमाला मी भायेरच हुते गं. च्या देत बसले त्या मुडद्यांला. आत डोकावले आसते तर..." आणि त्यांनी माझ्या पायावरनं हात फिरवला. दोन वर्षं ह्या घरात तिघंही आपापल्या जागी तेच ओझं घेऊन बसलो होतो, आणि मी शहाणी समजत होते की ते एकटीचं आहे.

मी ह्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त सेव्ह करत राहिले.

नववा लागून बरेच दिवस झाले होते. दुपारी चारच्या सुमाराला पाठीतून कळ निघाली. बाहेर मुलीकडची तीन माणसं बसलेली, मामांचं नाव कुठं टाकायचं यावर वाद. माझा हात सवयीनं पदराकडे गेला. तोंडापर्यंत गेला. मग मी पदर सोडला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आत्याऽऽ!"

रस्त्यावरचा रिक्षावाला म्हणे तेवढ्यावरच थांबला. आत्या पेटीच्या आधी पोचल्या. नगरच्या दवाखान्यात पोचलो आणि तासाभरात मुलगी झाली, चांगली ठणठणीत.

घर उघडं टाकूनच आम्ही निघालो होतो. हे कंपनीतून आले तर गल्लीपासूनच टीं टीं ऐकू येत होतं. धावत आत शिरले. पलंग रिकामा, आणि पत्रिकेची तिन्ही माणसं इमानानं घर राखत बसलेली. "तेवढी पेटी बंद करा हो," एक जण म्हणाला. "कवाची वाजतीया. मंडळींना दवाखान्यात नेलंय. लई वरडल्या."

"ओरडली? ती स्वतः ओरडली?" ह्यांनी दोनदा विचारलं. त्या माणसाला वाटलं, हे रागावलेत. "आसू द्या साहेब," तो म्हणाला, "आसल्या टायमाला मानूस वरडनारच."

हे दवाखान्यात आले तेव्हा हाताला कंपनीचं ऑइल तसंच होतं. आत्यांनी पोरगी पुढं केली. तिच्याकडे बघितलं न बघितलं, आणि माझ्या उशाशी येऊन उभे राहिले. डोळे भरून आले होते.

"ओरडलीस म्हणे," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "माणसं होती, तरी."