मेसेज दाखवा, रुमाल घ्या

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची मेमरी दर आठवड्याला भरते. मग दिनेशदादा ओरडतो, "मने, जुनं सगळं उडव!" मी फोटो उडवते, व्हिडिओ उडवते, गेल्या वर्षीच्या सणांच्या शुभेच्छा उडवते. किस्से मात्र उडवता येत नाहीत. ते डोक्यात साचत जातात आणि चार ओळखीची माणसं भेटली की आपोआप सांडतात. आता तुम्ही भेटलाच आहात, तर ऐका!

ऑफिस म्हणजे भिवंडीत एका टेलरच्या दुकानावरची खोली. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि दारावर पाटी, 'मोबाईल मार्केटिंग'. लोकांच्या स्मार्टफोनवर दुकानदारांच्या जाहिराती पोचवायच्या, हा धंदा. स्टाफ दोघांचा. दिनेशदादा मालक आणि मी बाकी सगळं. त्याआधी मी मानकोलीच्या एका गोडाउनात खोके स्कॅन करायचे. नऊ तासांची शिफ्ट, तीही उभ्याने! पाय असे सुजायचे की घरी आल्यावर आई गरम पाण्याची बादली तयार ठेवायची. त्यामुळे ही बसून करायची नोकरी मला जीव की प्राण होती.

अडचण एवढीच, की आमच्याकडे गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. एकच होतं, सलीमशेठ. आजोबांपासून चालत आलेला लूमचा कारखाना, नाक्यावर लुंग्या, टॉवेल, चादरींचं स्वतःचं दुकान आणि खिशात बटणांचा फोन! त्यांनी रुमालांची एक पेटी काढून काउंटरवर ठेवली.

"शंभर रुमाल आहेत. जो मोबाईलवर तुमचा मेसेज दाखवेल, त्याला एक फुकट. महिन्याभरात पेटी खाली झाली तर वर्षाचं काम दिलं. नाही झाली तर खुदा हाफिज!"

दुकानातून बाहेर पडल्यावर दादा म्हणाला, "हे काम गेलं तर आपलं शटर बंद, मने. तू तुझं बघून ठेव." मी त्याला हसून दाखवलं. गोडाउनातला सुपरवायझर तर वाटच बघत होता.

* * *

मेसेज पाठवायचे म्हणजे आधी नंबर हवेत. दादाने डोकं चालवलं. भिवंडीत प्रत्येक नाक्यावर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचे बॅनर लागलेले असतात. वर भाऊंचा गॉगलवाला फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि हौशी शुभेच्छुकांचे नंबरसुद्धा! दादा दोन दिवस बाईकवरून फिरला आणि बॅनर बघून बघून त्याने दीडशे नंबर उतरवून आणले.

"फुकटचा डेटा!" दादा खूश.

मी मेसेज टाकला: 'दुकानात या, मेसेज दाखवा, रुमाल घ्या. आपली वाट पाहत आहोत.'

पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. "धन्यवाद! असंच प्रेम राहू द्या." "आपला आभारी आहे." एकाने तर हात जोडलेला स्वतःचाच फोटो पाठवला. दीडशेच्या दीडशे कुठल्या ना कुठल्या गल्लीतले भाऊ निघाले. भाऊंना आमंत्रणं रोजचीच, त्यात कसलं आमंत्रण ते कोण वाचतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर तीन गाड्या थांबल्या. पांढरे शर्ट उतरले. पुढच्याने सलीमशेठना विचारलं, "भाऊ आलेत. रिबन कुठाय?"

पांढऱ्या शर्टांना नाही कोण म्हणणार! शेठनी गुपचूप टॉवेलच्या गठ्ठ्याची लाल दोरी सोडली आणि दारात बांधली. बावीस वर्षं चालू असलेल्या दुकानाचं उद्घाटन झालं!

रुमाल मात्र एकही गेला नाही. शेठ म्हणाले, "मेसेज दाखवला कुठं त्यांनी? त्यांनी तर हात दाखवला."

* * *

मग मी ठरवलं, बॅनर सोडा, माणसं धरा. लूमच्या गल्ल्यांमध्ये चहाच्या टपऱ्यांवर उभी राहिले आणि कामगारांना सरळ विचारून नंबर घेतले. नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी आनंदाने दिले. तीनशे झाले.

दादाने कुठेतरी वाचलं होतं की लोक रात्री आठला सगळ्यात जास्त मोबाईल बघतात. बघत असतील कुठंतरी! भिवंडीत आठला नवी शिफ्ट नुकती लागलेली असते. लूमच्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, तिथे मेसेजची टिंग कोण ऐकणार? मोबाईल शर्टात, शर्ट खिळ्यावर आणि माणूस बनियनवर.

पण लाईट गेली की? सगळे लूम एकदम गप्प. सगळी गल्ली बाहेर ओट्यावर. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल! हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला.

"दादा, लाईट गेली की मेसेज मारायचा!"

दादाने पाठ थोपटली. त्याच दुपारी लाईट गेली. मी बटण दाबलं, पण काहीच हललं नाही. आमच्या ऑफिसचा वायफाय काय तेलावर चालतो? तोही गेला होता! शेवटी माझ्या मोबाईलवरून, माझा नेटपॅक घालून मेसेज पाठवला. संध्याकाळपर्यंत चार रुमाल गेले. मी आईला फोन करून सांगितलं, "चार गेले!" ती म्हणाली, "कोण गं, कोण गेले?"

आठवडाभर असंच चाललं. लाईट गेली की आमचा मेसेज. लाईट गेली की मेसेज. मग एका सकाळी माझा अंगठा चुकून लागला आणि लाईट असतानाच मेसेज सुटला.

अर्ध्या तासात सलीमशेठचा फोन. त्यांच्याच कारखान्यात एक कामगार पाणी प्यायला बाहेर आला होता. त्याने मेसेज पाहिला आणि आत जाऊन ओरडला, "मेसेज आ गया! लाईट जानेवाली है!" सगळ्यांनी पटापट लूम बंद केले आणि निघाले चहाला.

"बेटा," शेठ अगदी शांतपणे म्हणाले, "लाईटवाले बंद करतात ते पुरत नाही का?"

* * *

त्यानंतर दादाने मिस्ड कॉलची शक्कल काढली आणि नाक्यावर पाटी लावली. 'या नंबरवर मिस्ड कॉल द्या, ऑफर मिळवा.' नंबर अर्थातच माझा.

एक आजी रोज दुपारी दोनला फोन करायच्या. मी उचलला की सुरू. सून कामाला गेली, मांजर व्यायली, गुडघा दुखतो. त्यांच्याकडे बिनानेटचा साधा फोन होता, मेसेज दाखवायची सोयच नव्हती. आमच्या शंभरात त्या कुठेच बसत नव्हत्या. तरी मला त्यांचा फोन आवडायचा, अगदी खरं सांगते.

पण काम तुंबायला लागलं. एक दिवस मी समजावलं, "आजी, मिस्ड कॉल म्हणजे मी उचलायच्या आत तुम्ही कट करायचा असतो."

"मग तू उचलतेस कशाला?"

* * *

दादा तोवर क्यूआर कोडवर आला होता. मोबाईलने तो चौकोन स्कॅन केला की शेठच्या दुकानाचं पान उघडणार. ते पान दाखवलं की तोच मेसेज समजून रुमाल! त्याने पोस्टर छापले आणि भिवंडीपासून पार गणेशपुरीच्या एसटी स्टँडपर्यंत चिकटवले.

आठवड्याने कॉम्प्युटरवर आकडे बघितले तर आम्ही दोघं उभेच राहिलो. भिवंडीत दिवसाला दोन स्कॅन, गणेशपुरीत दिवसाला साठ! आलेख असा चढला होता की स्क्रीनच्या बाहेर जायचा बाकी होता. दादाने तो छापून घेतला आणि शेठच्या काउंटरवर पसरला.

"गणेशपुरीत प्रचंड डिमांड आहे, शेठ!"

शेठनी चष्मा लावला, आलेख वर-खाली पाहिला आणि म्हणाले, "तिकडे गाळा बघू का मग?" दादा म्हणाला, "बघाच!" पण रुमाल का जात नाहीत, ते बघायला आम्ही दोघं आधी गणेशपुरीला गेलो.

स्टँडवर आमच्या पोस्टरखाली पाड्यावरची एक बाय काकड्या विकायला बसली होती. एक प्रवासी आला. काकडी घेतली, मोबाईल काढला, तिच्या डोक्यावरचा आमचा कोड स्कॅन केला. चादरी उघडल्या. परत स्कॅन केला. परत चादरी. तेवढ्यात एसटी सुरू झाली. त्याने घाईघाईने खिशातून नोट काढून बायच्या हातात दिली आणि पळाला. त्याच्यामागचा दुसरा, तसाच. तिसरा, तसाच!

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो पोस्टर काढायला पुढे झाला, तर बायने त्याचा हात धरला.

"काढू नको रं बाबा! पैसं मोबाईलात गेलं का माज्या लेकाचं, हातात आलं का माजं. ह्यो कागद लावल्यापासून समदी रोख देतात. जुना झालाय तो, दुसरा हाय का?"

दादाने पिशवीतून दुसरा काढून दिला. काय करणार!

* * *

आता शेवटचे चार दिवस उरले होते आणि पेटीत एकाहत्तर रुमाल. दादाने टेलरकाकांना खोली सोडतोय म्हणून सांगून टाकलं. मी सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "सोमवारपासून ये, सकाळची शिफ्ट." फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. लपवायचं कशाला? दादासमोरच रडले. तो उगाच कॉम्प्युटरची वायर काढून परत लावत बसला.

शनिवारी दुपारी दुकानातून फोन आला. पेटी खाली!

आम्ही अक्षरशः धावत गेलो. वाटेत दादाने पेढे घेतले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी लुंगी बघतंय, कुणी टॉवेल झटकतंय, कुणी चादरीची घडी मोडतंय. काउंटरवर रिकामी पेटी, आणि पेटीशेजारी सलीमशेठ. हसत नव्हते.

"बसा. मला एक सांगा. किती मोबाईलवर मेसेज पाठवला?"

"तीनशे!" दादा छाती काढून म्हणाला.

"मग दोन दिवसांत एकाहत्तर माणसं आली, आणि माझा सेल्समन म्हणतो मोबाईल एकच होता. हिरवं कव्हर, काचेला आडवी चीर. प्रत्येकाच्या हातात तोच!"

पेढ्यांचा पुडा दादाच्या हातातच राहिला. तेवढ्यात बहात्तरावा माणूस आत आला आणि त्याने मोबाईल पुढे केला. हिरवं कव्हर, आडवी चीर! रुमाल संपल्याचं कळल्यावर त्याने एक चादर घेतली. तो निघाला तसे शेठ उठले, त्याच्या मागोमाग बाहेर गेले आणि त्यांच्यामागून आम्ही. तो माणूस सरळ नाक्यावरच्या पानाच्या टपरीवर गेला आणि मोबाईल परत देऊन म्हणाला, "रुमाल खतम हो गया, भैया. पर चादर अच्छी मिली."

पानवाला रामसूरत. वीस वर्षं नाक्यावर. त्याने घाबरून सगळं सांगितलं. मेसेज त्याच्याकडे आला होता. लोक तर वाचतच नाहीत, वाचला तरी उडवून टाकतात. त्याने टपरीवर ओरडायला सुरुवात केली, "पान खाओ, मोबाईल ले जाओ, रुमाल लाओ!" माणूस पान घेणार, मोबाईल घेऊन दुकानात जाणार, रुमाल घेणार आणि मोबाईल परत आणून देणार. तोवर पुढचा पान खात उभा.

मी मनात सुपरवायझरला नमस्कार केला.

शेठनी दुकानाकडे पाहिलं. आत अजून गर्दी होती. मग ते रामसूरतकडे वळले. "रुमाल न्यायला आलेला माणूस रिकामा नाही गेला. मी जबान दिली होती. पेटी खाली करेल त्याला वर्षाचं काम."

आणि त्यांनी ते काम दिलं. पानवाल्याला!

रविवार कसा गेला ते विचारू नका. सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले ती माझा डबा आणि पाण्याची बाटली उचलायला. गोडाउनची बस अर्ध्या तासात होती. दादा खोके बांधत होता. जिन्यात पावलं वाजली आणि रामसूरत आत आला, हातात तीन पानं.

"दीदी, सेठ ने काम तो दे दिया. टाइपिंग अपने बस की नहीं. आप लोग मेरे यहाँ काम करोगे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे. मग दादाने एक पान उचललं, तोंडात टाकलं आणि सोडलेली वायर परत कॉम्प्युटरला जोडली. मी सुपरवायझरला फोन करून सांगितलं की येत नाही.

"बोला, साहेब," मी बसले. "पहिला मेसेज काय टाकायचा?"

रामसूरतने विचार करत चुना पुसला आणि सांगितलं. मी मराठीत टाइप केलं. दादाने शुद्धलेखन तपासलं. आणि आमच्या इतक्या मेहनतीने गोळा केलेल्या तीनशे स्मार्टफोनवर मेसेज गेला:

'दुकानात या. मोबाईल घरी ठेवून या. पानवाल्याकडे मिळेल.'