स्टेशनपासून दहा मिनिटांवर

परदेशात घर घेणाऱ्यांना वेगवान रेल्वेचा किती फायदा होतो, यावरचा लेख दर दोन महिन्यांनी पुण्याहून कोणीतरी नातेवाईक मला पाठवतो. स्टेशनजवळ घर घ्या, भाव वाढेल, शहर जवळ येईल, घरातल्या म्हाताऱ्यांची सोय होईल. वाचून माझं डोकं फिरतं. यातलं एकूण एक वाक्य पाच वर्षांपूर्वी मी एका एजंटच्या तोंडून ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

ऑकलंडच्या पूर्वेला, बॉटनी डाउन्सच्या पुढे, आम्ही घर बघत होतो. एजंटने किचनच्या ओट्यावर नकाशा पसरला. त्यात शहराकडून निघालेली एक तुटक रेघ या घराच्या जवळून जात होती. "फास्ट ट्रेन येतेय," तो म्हणाला. "पंचवीस मिनिटांत सिटी. स्टेशन इथून चालत दहा मिनिटं." नवरा इंजिनियर, ईस्ट टामाकीतल्या कारखान्यात. मी आयटीतली. दोघांनी मिळून एक शहाणा प्रश्न विचारला नाही. ही रेघ कोणी मारली, रूळ कधी पडणार, काही नाही. कोथिंबिरीची जुडी मी उलटीपालटी करून घेते. आख्खी रेल्वे न बघता घेतली.

तेव्हा आई पुण्यात एकटी राहत होती. पोस्टात नोकरी केलेली, वडील गेल्यावरही कोणावर भार न टाकणारी. मिरजेला बहिणीकडे, नागपूरला भाच्याच्या लग्नाला, एक पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन रेल्वेने एकटी निघायची. माझ्याकडे ये म्हटलं की तिची एकच अट असायची. "मी कोणाच्या गाडीची वाट बघत बसणार नाही." घराची सही झाली त्याच दिवशी मी तिला फोन करून सांगितलं, "आई, स्टेशन दहा मिनिटांवर येतंय. आता ये." वर्षभरात ती घराला कुलूप लावून, किल्ली शेजारणीकडे देऊन आली.

ट्रेन काही आली नाही. आधी अभ्यास चालू आहे म्हणे, मग खर्च फार आहे म्हणे, मग नव्याने विचार करणार म्हणे. आम्ही सकाळी दोन गाड्या काढून दोन दिशांना जायचो आणि आई संध्याकाळपर्यंत घरात. जुन्या लाइनवरची ट्रेन पकडायची तर आधी एक बस, मग दुसरी बस, आणि पाऊस असेल तर दोन्हीकडे भिजायचं. देवळात जायचं म्हटलं तरी शनिवार-रविवारी आमची सवड बघायची. नातीला विचारलं तर ती फोनमधून मान वर न काढता म्हणायची, "आजी, जस्ट वेट फॉर मम." चार वर्षं तिने हेच केलं. तिची अट मी मोडली होती, पण तिने एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग तिला ओपन होमचा शोध लागला. शनिवारी आमच्या भागात विकायच्या घरांसमोर पाट्या लागतात, अर्धा तास दार उघडं असतं, कोणीही आत जावं. चालत जाता येईल असं आणि कोणीतरी 'किआ ओरा, वेलकम' म्हणेल असं तिला हे एवढंच ठिकाण सापडलं. पातळ, वर स्वेटर, पायमोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. जँडल्स दाराशी काढायची, वहीत नाव लिहायची, कपाटं उघडून बघायची. घरी येऊन निकाल द्यायची, "ओटा बुटका आहे. बांधणाऱ्याने कधी पोळ्या लाटल्या नसणार." आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

एका शनिवारी पलीकडच्या गल्लीतल्या ओपन होममध्ये आमचाच एजंट उभा होता. नकाशाही तोच. एका तरुण मराठी जोडप्याला तो पंचवीस मिनिटांचं पुराण सांगत होता. आई मध्ये गेली. "ट्रेन व्हेन?" तिने विचारलं. तो म्हणाला, "इट्स कमिंग." आई त्या जोडप्याकडे वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाळांनो, कसली ट्रेन नि कसलं काय. चार वर्षं मी इथेच बसलेय." ती दोघं बूट घालून निघून गेली.

हे मला सोमवारी कळलं, वहीतलं नाव बघून एजंटने फोन केला तेव्हा; मराठीतलं आईने नंतर सांगितलं. "तुमची मम लव्हली आहे," तो म्हणाला, "पण ती माझी गिऱ्हाइकं पळवतेय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं साठलेलं सगळं मी त्याला ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुमचं घर तिथेच शेजारी आहे ना? लोकांचा ट्रेनवरचा विश्वास उडाला तर तुमच्या घराला काय येईल?"

मी फोन ठेवला. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. शाब्बास म्हणायला म्हणून मी तिच्याकडे गेले, आणि तोंडातून निघालं, "आई, यापुढे तिथे जाऊन ट्रेनचं काही बोलू नकोस. आपल्याही घराचा भाव पडतो."

"पण ते खोटं आहे ना?"

"असू दे. तू कशाला बोलतेस?"

"मग कोण बोलणार? तू?"

मी भडकले. एजंटवरचा, नवऱ्यावरचा, स्वतःवरचा सगळा राग तिच्यावर निघाला. "तुझ्यासाठीच घेतलं ना हे घर!"

आईने हातातली काडी मोडली. "माझ्यासाठी घेतलंस तर त्याचा भाव कशाला बघतेस?"

पुढच्या शनिवारी पाट्या लागल्या, आई गेली नाही. त्यापुढचा शनिवारही तसाच गेला. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "माझं पुण्याचं तिकीट काढ. मिळेल त्या दिवसाचं."

"तिकडे एकटी करणार काय आहेस?" मी ओरडलेच.

"जाईन कुठेतरी," ती म्हणाली.