काळी, भुरी आणि मॅडम यांचं घर

मी मुळात कमी बोलते. त्यामुळे लखनौला आल्यापासून माझ्याकडे पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टी नुसत्या साठत गेल्या, खर्च काही झाल्या नाहीत. त्यातल्या निम्म्या तर एकट्या खुराड्याच्या आहेत! कुणी पाहुणा मागच्या अंगणात डोकावतो आणि विचारतो, "हे काय आहे?" आता याला एका वाक्यात उत्तर कसं देणार? एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या आधीचा सांगावा लागतो, आणि तो सांगावा तर त्याच्याही आधीचा. म्हणून एकदा सगळे ओळीनं लिहूनच काढते.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनीची ही गोष्ट. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. नवरा रेल्वेत इंजिनिअर. कॉलनीत तळमजल्याचा क्वार्टर, मागे बऱ्यापैकी अंगण. कॉलनीचं नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं अजून ओळख दाखवतात.

मी मिरजेची. नवऱ्याला नावानं हाक मारायची की 'अहो' म्हणायचं, याचा निकाल अजून लागायचा होता. दोघंच घरात असताना 'अहो' म्हटलं की नाटकात काम केल्यासारखं वाटायचं, आणि 'अविनाश' काही तोंडातून निघेना. म्हणून मी हाकच मारत नसे. काम असलं की जवळ जाऊन उभी राहायचे.

\*

कोंबड्या आल्या त्या शेजारच्या मेरी आंटींमुळे. अंकल रिटायर झाले आणि दोघं मुलीकडे रांचीला निघाले. ट्रकमध्ये सामान चढलं, आणि आंटी टोपलीत तीन कोंबड्या घेऊन आमच्या दारात!

"बेटी, तुम दिनभर चुपचाप बैठी रहती हो. ये तीनों बहुत बोलती हैं."

"इनके नाम क्या हैं?" मी विचारलं.

"नाम? जिसको नाम दे दिया, उसको पकाओगी कैसे?"

आंटींचा ट्रक कोपऱ्यावर वळायच्या आत मी तिघींना नावं देऊन मोकळी झाले. एक काळी, एक भुरी. तिसरी पांढरी, ती मान ताठ ठेवून चालायची. ती मॅडम.

संध्याकाळी अविनाश ऑफिसमधून आला, हात धुवायला बाथरूममध्ये गेला आणि हात न धुताच बाहेर आला.

"आपल्या बादलीत कोंबडी बसलीय."

"मॅडम आहे ती," मी म्हटलं.

त्यानं परत एकदा आत डोकावून पाहिलं. "ठीक आहे. पण एक अट. एक जरी कमी झाली, तर उरलेल्या त्या तेलीबागेतल्या अंडेवाल्याला देऊन टाकायच्या. मांजरानं, मुंगसानं नेल्यावर सकाळी पिसं गोळा करायची ताकद माझ्यात नाही."

त्या अंडेवाल्याच्या दुकानात अंड्यांच्या ट्रेमागे काय टांगलेलं असतं, ते मी पाहिलं होतं. म्हणजे तीनच्या तीन टिकवायच्या. आणि त्यासाठी धड खुराडं हवं!

\*

रविवारी स्कूटरवरून आम्ही नक्खासच्या पक्षीबाजारात गेलो. पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे दुकानदार. इकडे खुराड्याला दरबा म्हणतात. पत्र्याचे, वेताचे, फळ्यांचे, सगळ्या तऱ्हेचे दरबे त्यांच्याकडे एकावर एक रचलेले.

"कितनी हैं?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"मिज़ाज कैसा है?"

अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. "एक का थोड़ा तेज़ है," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. मी पत्र्याच्या दरब्याकडे बोट दाखवलं. "जून में इसमें बिरयानी तैयार मिलेगी." वेताच्या? "नेवले के लिए तो ये पूरा दरवाज़ा ही है." नेवला म्हणजे मुंगूस. मग फळ्यांचा? "हवा कहाँ से आएगी, बीबी?"

"फिर आप ही बताइए, कौन सा लें?" अविनाश वैतागला.

"जो जी चाहे लीजिए. बस, पहले उसके सामने बैठकर ये सोच लीजिए कि बहूजी इसमें झाड़ू कैसे लगाएँगी."

आम्ही दोघं बाजारात, भर गर्दीत, उकिडवे बसलो. एकेका दरब्याच्या दारात मी हात घालून पाहिला. कोपराच्या पुढे कुठंच जाईना! रिकाम्या हातांनी परत आलो.

अर्ध्या रस्त्यात अविनाश म्हणाला, "हा माणूस दुकान चालवतो कसं?"

\*

सोमवारी अविनाशनं ऑफिसात डबा खाताना ही गोष्ट सांगितली आणि तिथंच चुकलं. संध्याकाळी त्याच्याबरोबर दोघं जण हजर! एक तिवारीजी, आमच्याच लायनीत राहणारे, सगळ्यांत सीनियर, अस्सल लखनवी. दुसरे घोषदा. पूल किती वजन पेलेल हे तपासण्यात त्यांची निम्मी नोकरी गेलेली. काखेत कागदाची गुंडाळी.

डायनिंग टेबलवर ड्रॉइंग पसरलं. समोरून, बाजूनं, वरून. खालच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलेलं: 'आवास, कुक्कुट, तीन नग.' वाऱ्याचा दाब किती धरायचा यावर तिघं तासभर भांडले. मी तीनदा चहा केला. झाडूचा विषय कुणी काढला नाही, मीही काढला नाही.

महिन्याभरात खुराडं तयार झालं. साल वृक्षाचं टणक लाकूड, लोखंडी अँगल, त्याला जोडून फिरायला जाळीचा लांबट पिंजरा. "नेवला क्या, हाथी नहीं घुसेगा!" घोषदा म्हणाले.

पण कोंबड्या आत सोडायच्या नाहीत. आधी टेस्ट! खुराड्यात वाळूची सहा पोती रचली. दीड-दीड किलोच्या तीन कोंबड्यांसाठी!

"भाभी, बिना टेस्ट के हम लोग कुछ चालू नहीं करते," घोषदा म्हणाले.

तीन दिवस पोती आत, कोंबड्या बाहेर. चौथ्या दिवशी पोती काढली, तर कोंबड्या आत जाईनात. पोळी टाकून झाली, भात टाकून झाला. तिवारीजींनी वाकून, हात पुढे करून, "आइए, तशरीफ़ लाइए" म्हणून झालं. मॅडमनं पाठ फिरवली.

ओढताना एक पोतं फाटलं होतं आणि आत बरीच वाळू सांडली होती. घोषदा झाडू मागायला लागले. मी झाडू आणेपर्यंत काळी सरळ आत गेली, वाळूत फतकल मारून बसली आणि पंखांनी पाठीवर वाळू उडवायला लागली. मागोमाग भुरी. शेवटी मॅडम. तिघींची आंघोळ सुरू!

घोषदा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ड्रॉइंगवर शेवटची दुरुस्ती केली: 'रेत, एक बोरी, फटी हुई.'

\*

त्या ड्रॉइंगमध्ये अंडी घालायची पेटी वर होती आणि बसायची दांडी खाली. दांडी म्हणजे गुळगुळीत लोखंडी पाइप.

कोंबड्यांना झोपायला सगळ्यांत उंच जागा लागते, हे मला आठवडाभर बघून कळलं. त्या वरच्या पेटीत दाटीवाटीनं झोपायच्या, तिथंच घाण करायच्या, आणि सकाळी अंडी घालायला बाथरूमच्या बादलीत यायच्या! पाइपवर बसायला गेली की मॅडमसुद्धा घसरायची.

एका दुपारी मी पाना घेतला. पेटी खाली आणली. पाइप काढला आणि मोडक्या चारपाईची रुंद लाकडी पट्टी, कडा घासून, वर बसवली. म्हणजे थंडीत पोटाखाली पाय झाकून बसता येईल. एका बाजूच्या फळ्याही बिजागऱ्यांवर घेतल्या. आता ती बाजू दारासारखी उघडायची आणि झाडू पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जायचा.

रविवारी तिवारीजी आले. त्यांनी चष्मा पुसून आत पाहिलं. "ये किसने बदला?"

अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे पाहिलं.

"मिस्त्री बहुत अच्छा है," तिवारीजी म्हणाले. "उसका पता हमें भी दीजिएगा."

ते गेल्यावर अविनाशनं विचारलं, "मिस्त्रीनं चहा घेतला का?"

"घेतला," मी म्हटलं.

\*

मुंगसाची तयारी झाली होती. माकडाची कुणी केलीच नव्हती!

एक माकड रोज भिंतीवर बसून मी कडी कशी काढते ते बघायचं. चांगल्या विद्यार्थ्यासारखं. एका दुपारी त्यानं कडी काढली, अंडं घेतलं आणि दार सताड उघडं टाकून गेलं. भुरी गुलमोहराखाली सापडली, मॅडम नळापाशी. काळी कुठंच नाही.

लायनीतल्या सगळ्या झुडपांखाली वाकून झालं. साडेपाचला स्कूटरचा आवाज. अविनाश सरळ अंगणात आला.

"तिघी?"

"आहेत," मी म्हटलं. लग्नानंतर त्याच्याशी बोललेलं पहिलं खोटं!

तो मोजायला वाकणार, इतक्यात फाटकातून तिवारीजी आले. काखेत फाइल धरावी तशी काळी धरलेली.

"माफ़ कीजिएगा, ये दोपहर से हमारे कूलर के सामने बैठी थीं. उठाना मुनासिब नहीं लगा. मगर अब कूलर का पानी ख़त्म हो गया है."

मी मान खाली घातली. आता तेलीबाग! अविनाशनं काळीला आत सोडलं. कुत्र्याच्या साखळीला असतो तसा स्प्रिंगचा हूक कुठूनसा शोधून आणला, कडीत अडकवला, भिंतीवरच्या माकडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "अटीत एक राहून गेलं. खुराड्यातल्या मोजायच्या की कॉलनीतल्या, ते ठरलं नव्हतं."

\*

दसरा झाला आणि क्वार्टरं सांभाळणाऱ्या ऑफिसातून कागद आला. क्वार्टरच्या मागे अनधिकृत बांधकाम आढळलं आहे, सात दिवसांत पाडावं, नंतर पाहणी होईल. कुणी तक्रार केली, कळलं नाही. पण आता मांजर, मुंगूस, माकड यांतलं काही नव्हतं. खुराडं गेलं की तिघी एकदमच तेलीबागेला!

डायनिंग टेबलवर पुन्हा बैठक. तिवारीजींनी कागद दोनदा वाचला.

"निर्माण वो है जो ज़मीन से जुड़ा हो. जो चलता है वो निर्माण नहीं, गाड़ी है. और गाड़ियों का काम तो हम लोग जानते ही हैं!"

दोन दिवसांत खुराडं आणि पिंजरा एका चौकटीवर चढले, खाली भंगारवाल्याकडून आणलेली हातगाडीची चार लोखंडी चाकं. कडेनं मुंगसासाठी जाळीची झालर, गवतावर पसरणारी. उत्तर गेलं: बांधकाम नाही, वाहन आहे.

मला ही युक्ती वेगळ्याच कारणानं आवडली. एका जागचं गवत कोंबड्या दोन दिवसांत फस्त करतात. आता सगळे ऑफिसला गेले की मी खुराडं दोन हात पुढे ढकलायचे. तिघी आतल्या आत चालत पुढे यायच्या, ताज्या गवतावर.

आठव्या दिवशी सकाळी सायकलवरून पाहणीवाले बाबू आले. मफलर, हातात फाइल. तिघं इंजिनिअर ऑफिसला उशीर करून हजर. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर.

"ये गाड़ी है?" बाबूंनी विचारलं.

"जी," तिवारीजी म्हणाले.

"तो चलाकर दिखाइए."

तिघांनी बाह्या सरसावल्या. तिवारीजी, घोषदा, अविनाश एका रांगेत. "एक, दो, तीन!" खुराडं हललं नाही. पुन्हा जोर. घोषदांचा चष्मा घसरला. आतून मॅडम जोरात ओरडली. खुराडं जागच्या जागी!

"ज़मीन से जुड़ा हुआ है," बाबू म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

अविनाश पलीकडच्या टोकाला होता. मध्ये जाळी, तीन कोंबड्या, दोन इंजिनिअर आणि एक सरकारी पेन. जवळ जाऊन उभं राहण्याची काही सोय नव्हती.

"अविनाश! विटा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अविनाश सगळ्यांत जास्त. मी पायरी उतरले, गवतात हात घातला आणि खुराडं उतारावर घरंगळू नये म्हणून मी रोज पुढच्या चाकांखाली लावायचे त्या दोन विटा काढल्या.

"आता," मी म्हटलं.

खुराडं निघालं. तिघांच्या अंदाजापेक्षा बरंच जोरात. आत काळी, भुरी आणि मॅडम चालायला लागल्या, शेजारून बाबूही फाइल घेऊन चालायला लागले. पुढे तुळशीची कुंडी होती.

"ब्रेक?" बाबू ओरडले. "गाड़ी है तो ब्रेक कहाँ है?"

मी पुढे पळत जाऊन चाकासमोर वीट ठेवली. खुराडं थांबलं. मॅडमनं मान झटकली.

बाबूंनी सायकलच्या सीटवर फाइल टेकवून बराच वेळ लिहिलं, सही केली आणि खालची प्रत फाडून माझ्या हातात दिली. अविनाशच्या नाही, माझ्या.

'मौके पर कोई निर्माण नहीं मिला. एक गाड़ी मिली. सवारियाँ तीन. ब्रेक ठीक. चालक महिला.'