काकांच्या छातीचा फोटो

"बाबा गेले गं. लंचनंतर जरा पडले होते, झोपेतच... आई शेजारी होती." निखिलचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. रडू आलंच, पण त्याच्याही आधी सुटल्यासारखं वाटलं. काकू शेजारी होत्या! काही आठवडे झाले या गोष्टीला, तरी ते सुटल्यासारखं वाटणं अजून ओसरलेलं नाही.

श्रीधरकाका म्हणजे निखिलचे वडील, साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निखिल आणि मी युनिव्हर्सिटीपासूनचे मित्र, आता दोघंही परदेशात, वेंटवर्थव्हिल या उपनगरात राहतो. काका-काकू त्याच्याकडे चार दिवस राहायला म्हणून आले आणि कोविडमुळे विमानं बंद झाली. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते हे कळल्यावर काकांनी मला जवळजवळ दत्तकच घेतलं. कारणही तसंच होतं. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता, छातीच्या फोटोत तो वेळेवर सापडला आणि औषधांनी ते बरे झाले. पुढच्या तपासणीत डाग सुकल्याचं दाखवणारी फिल्म त्यांनी जन्मभर जपली, इथे येतानाही काकूंच्या साड्यांच्या घडीत घालून आणली. घरी कोणी आलं की ती खिडकीशी धरून म्हणायचे, "हा माझा तरुणपणीचा फोटो. केस होते तेव्हा!" काकू कपाळाला हात लावत. मग काकांचा तास सुरू. जर्मनीतल्या एका प्राध्यापकाला हे किरण सापडले, त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात नुसती हाडं आणि अंगठी बघून ती बिचारी घाबरली... सुरुवातीचे डॉक्टर तर यंत्र चालतंय का ते स्वतःच्याच हातावर बघत आणि त्यात कित्येकांची बोटं गेली. इथे काकांचा आवाज उतरायचा. "त्यांची बोटं गेली, मीरा, म्हणून माझं फुप्फुस राहिलं." लगेच सावरून म्हणायचे, "व्हिसासाठी तुम्हीसुद्धा आधी छातीचा फोटोच दाखवलात ना? या देशाने तुमची तोंडं नंतर बघितली!"

दुसऱ्या वर्षीच्या लॉकडाऊनमध्ये काकांना ताप भरला, खोकला थांबेना. अॅम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली आणि काकू दारात उभ्याच राहिल्या. कोविडची टेस्ट निगेटिव्ह आली, पण फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. क्षय उलटला असावा या शंकेने त्यांना बंद खोलीत ठेवलं आणि भेटायला कोणालाही सोडेनात. तो फोटो मीच काढला होता. मास्क, शील्ड, गाऊन अशा अवतारातही त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. "हिला सांग, मी ठीक आहे," म्हणाले. मग माझा ग्लोव्ह घातलेला हात धरून हळूच म्हणाले, "इथे एकट्याने जायचं नाहीये गं मला." मला फार भीती वाटली.

बाहेर येऊन निखिलला फोन केला. "ती फिल्म घेऊन ये."

"ती? सिरियसली?"

"हो, तीच. आत्ताच्या आत्ता."

त्याने ती गेटवर आणून दिली. आमच्याकडे आता सगळं कॉम्प्युटरवर, फिल्म बघायचा दिवा कधीच भंगारात गेलेला. शेवटी एका स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडलं आणि त्यावर ती फिल्म चिकटवली. शेजारच्या स्क्रीनवर नवा फोटो. डॉक्टर मुलगी कितीतरी वेळ इकडून तिकडे बघत राहिली. डाग तोच होता, तेवढाच, त्याच जागी. ताप होता तो खालच्या बाजूच्या साध्या न्यूमोनियाचा. थुंकीचे रिपोर्टही चांगले आले तेव्हा ती मला म्हणाली, "नो वरीज, ही इज गोइंग होम." मी पार्किंगमध्ये जाऊन मनसोक्त रडले.

त्यानंतर काका निखिलच्या घरीच होते. चांगलं खाल्लं-प्यायलं, भांडले, नातवाला इंग्रजीत विज्ञान शिकवायचा हट्ट धरला आणि एका दुपारी हृदय थांबलं.

परवा काकूंना भेटायला गेले. काकांची वेताची खुर्ची होती तिथेच आहे. मी सवयीने सोफ्याकडे वळले तर काकूंनी हाताला धरून मला त्या खुर्चीत बसवलं. येईल त्याला त्या तिथेच बसवतात म्हणे. मी अवघडले, तशा म्हणाल्या, "हे त्या खोलीत एकटे गेले असते ना, तर मला ही खुर्ची बघवली नसती. नीट टेकून बस. चहा टाकते."