बी सायलेंट आहे!

माझी बायको मेलेली नाही, हे मला मागच्या उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीला ओरडून सांगावं लागलं. आणि सांगत होतो तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती!

झालं असं. आमच्या श्रुतीला बघायला नांदेडहून पाहुणे येणार होते. मुलगा इंजिनियर, ते ठीक; पण मुलाचे वडील इंग्रजीचे प्राध्यापक! माझी सगळी हयात लातूरच्या एका कचेरीत कारकुनी करण्यात गेलेली. इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं! पण श्रुती शाळेत इंग्रजी शिकवते. म्हटलं, पंधरा दिवस तिचीच शिकवणी लावू.

"पप्पा, नाइफमधला के म्हणायचा नाही. रिसीटमधला पी सायलेंट."

"मग लिहितात कशाला?"

"तसंच असतं ते!"

(तीस वर्षं मी 'रिसिप्ट' म्हणत होतो. एकानंही अडवलं नाही!)

मला तर चेवच चढला. त्यातही एमनंतरचा बी गप्प बसतो, हे फारच आवडलं. बॉम्ब नव्हे, बॉम! मी लगेच डिसेंबरचा डिसेमर केला, नंबरचा नमर केला. श्रुतीनं कपाळाला हात लावला. "पप्पा, तिथं म्हणायचा!"

"मग बीनं आधी काय ते ठरवावं ना!"

पण प्लंबरचा खरा उच्चार 'प्लमर', हे तिनं स्वतः सांगितलं होतं. ते मी घोकून ठेवलं.

रविवार उजाडला. पाहुणे अकराला येणार. साडेदहाला बायको, म्हणजे सुनंदा, बेसिनवर हात धुवायला गेली आणि खालचा पाइप निसटला! फवारा थेट नव्या पडद्यावर! नळाला आठ दिवसांनी पाणी, टाकी कालच भरलेली. सुनंदा दोन्ही हातांनी पाइप दाबून ओरडली, "अहो, बघून काय राहिलात? माणूस बोलवा की!"

कोपऱ्यावर रशीदभाईंचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. मी बेसिनजवळूनच फोन लावला. आता पंधरा दिवसांची मेहनत अशी ऐन वेळी वाया कशी घालवणार?

"रशीदभाई, प्लमर पाठवा! जल्दी!"

"कोन मर?"

"प्लमर! प्ल-मर!"

"कोन मरा सर? पानी का आवाज भोत आरा, सुनाई नै देरा!"

"अहो, बी सायलेंट आहे!"

तिकडून अगदी हळू आवाजात, "बीबी... सायलेंट है?"

"हाव! एकदम सायलेंट! आवाजच निघत नाही!"

"कब से सर?"

"पहिल्यापासूनच! आपल्यालाच माहीत नव्हतं!"

"या अल्ला! अब क्या करना?"

"काही नाही, सोडून द्यायचं!"

फोन बंद झाला. मला वाटलं, समजलं बाबा माणसाला.

दहाच मिनिटांत सायरन वाजवत अँब्युलन्स दारात! रशीदभाई दुकान उघडं टाकून स्ट्रेचर धरून पळत आले. त्यांच्यामागे शेजारचे मन्मथप्पा, डोळ्यांना उपरणं लावून. त्यांच्यामागे सगळी गल्ली!

मन्मथप्पांनी मला घट्ट मिठीच मारली. "लई गुणाची बाई होती हो! काल सांजच्याला भाकरी अन् ठेचा देऊन गेली!"

"अप्पा, अहो काय झालंय?"

"रडा! मोकळं व्हा! दाबून ठेवू नका!"

सायरन ऐकून सुनंदानं पाइप सोडला आणि डोक्यापासून पायापर्यंत निथळत बाहेर आली. "अप्पा, कोण गेलं हो?"

मन्मथप्पा मटकन खाली बसले. पाण्यातच!

"जित्ती हाय हो ती, जित्ती हाय!" मी दारात उभा राहून ओरडत होतो आणि तेवढ्यात अँब्युलन्सच्या मागं पाहुण्यांची गाडी येऊन थांबली.

प्राध्यापकांनी एकवार स्ट्रेचर पाहिलं, एकवार ओली विहीणबाई पाहिली. मी घाम पुसत त्यांना सगळं सांगितलं. एमनंतरच्या बीपासून! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बूट काढले, पँट दुमडली.

"टाकीचा व्हॉल्व्ह कुठाय?"

"गच्चीवर."

ते स्वतः गेले आणि बंद करून आले. फवारा थांबला. इतका वेळ आम्ही एवढी माणसं पाण्यात उभी होतो, पण व्हॉल्व्ह बंद करायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

खाली येऊन बघतात तर काय, त्यांचा मुलगा आणि आमची श्रुती पोती घेऊन फरशी पुसत होते आणि हसून हसून त्यांचे हात चालत नव्हते. पोहे व्हायच्या आत लग्न ठरलं. रशीदभाईंनी पाइप बसवला आणि सुनंदानं त्यांनाही पंगतीला बसवलं. "मेल्यावर धावून येता, जिवंतपणी जेवून तरी जा!"

निघताना मी प्राध्यापकांना फाटकापाशी गाठलं. राहवेचना.

"सर, प्लमर... बरोबर ना?"

"उच्चार अगदी अचूक आहे तुमचा," ते म्हणाले. "फक्त..."

फक्तच्या पुढचं मला आजतागायत माहीत नाही. मी तोवर रशीदभाईंना सांगायला त्यांच्या दुकानाकडे पळत सुटलो होतो!