खणखणीत आवाजाची बॅट

माझ्या कानांची मला फार घमेंड होती. वनखात्यातली निम्म्याहून जास्त नोकरी मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत काढली. तिथे सागाच्या थप्प्यांमध्ये फिरायचं, ओंडके मोजायचे, प्रतवारी लावायची. ओंडका वरून कितीही देखणा असला तरी आतून पोकळ निघू शकतो. म्हणून एकाने कुऱ्हाडीच्या पाठीने एका टोकाला ठोकायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर माल भरीव, भद्द आला तर आत काहीतरी कुजलेलं आहे. ही रीत माझ्या आधीपासूनची होती, पण डेपोत माझ्यासारखा कान कोणाचाच नाही असं सगळे म्हणायचे आणि मला ते पटायचं. लिलावाच्या आदल्या दिवशी व्यापारी मागे लागायचे, ‘भाऊ, एवढा एक ठोकून सांगा ना.’

ही खोड घरातही होती. माठ, टरबूज, नारळ, पाटाची फळी, सगळं मी वाजवून घ्यायचो. बायको पाहुण्यांना सांगायची, ‘मले पाहाले आले तवा कुऱ्हाड घरी विसरले, म्हणून जमलं.’ पाहुण्यांबरोबर मीही हसायचो.

आम्हाला एकच मुलगी. डेपोच्या वसाहतीत कर्मचाऱ्यांसाठी एक हॉल होता आणि त्यात टेबल टेनिसचं टेबल. ते आमच्याच सुताराने आमच्याच सागाचं केलेलं होतं. जड इतकं की एकदा ठेवलं ते ठेवलं. संध्याकाळी ड्युटी संपली की आम्ही पुरुष तिथे घाम गाळायचो. खेळ कसला, नुसती मारामारी. जोरात हाणायचं आणि चेंडू टेबलाखाली शोधत बसायचं. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना कोपऱ्यात उभी राहून बघायची. मग एक दिवस तिनेही बॅट मागितली.

ती टेबलाजवळ उभीच राहायची नाही. चार पावलं मागे, जवळजवळ भिंतीला टेकून. समोरच्याने कितीही जोरात मारलं तरी ती खालून बॅट फिरवून चेंडू परत करायची, अलगद, कापून. चेंडू तरंगत यायचा आणि टेबलावर पडला की बसकण मारायचा. तगडे तगडे गडी रडकुंडीला यायचे. ‘हे पोट्टी मारत नाई अन् हारत बी नाई,’ असं एक जण वैतागून म्हणाला होता. खरं सांगतो, मला तिचा हा खेळ मनातून आवडत नसे. माझ्या मुलीने खाडकन मारावं आणि सगळ्यांनी बघत राहावं असं मला वाटायचं. पण जिंकत होती, म्हणून गप्प बसायचो.

ती आठवीत गेली तेव्हा माझी बदली चंद्रपूरला झाली. तिथे एका हॉलमध्ये एक सर मुलांना शिकवायचे. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी तासभर खेळवलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘भाऊ, असा थंड डोक्याचा हात मी खूप वर्षांत नाई पाह्यला. इले बिघडवू नका.’ त्या दिवशी घरी येताना मी स्कूटर हळू चालवली. ती मागे बसून एकच गोष्ट बोलत होती, ‘बाबा, मले राज्याच्या टीममध्ये खेळायचं आहे.’ इतर मुलींचं असतं तसं उद्या विसरायचं नव्हतं ते. तिने वहीच्या मागच्या पानावर निवड चाचणीपर्यंतचे आठवडे आखून ठेवले होते आणि रोज सकाळी शाळेच्या आधी ती हॉलवर असायची.

वर्षभराने सर म्हणाले, तयार बॅट आता पुरे. लाकूड वेगळं आणि रबर वेगळं घेऊन स्वतःची बॅट बांधायची. त्या लाकडाला ब्लेड म्हणतात हे मला तेव्हा कळलं. सरांनी रबर ठरवून दिलं होतं. एका बाजूला साधं, दुसऱ्या बाजूला लांब दाण्यांचं, म्हणजे समोरच्याचा जोर ते रबरच गिळतं. ‘ब्लेड मात्र तिच्या हाताले ठरवू द्या,’ सर म्हणाले. ‘रबर कितीबी चांगलं असलं तरी खालचं लाकूड खेळणाऱ्याच्या स्वभावाचं पाह्यजे.’

मी हसलो. ‘सर, आता लाकूड तुमी मले शिकवता का?’

नागपूरच्या त्या दुकानात आम्ही दोघंच गेलो होतो. दुकानदाराने काचेवर पाच-सहा ब्लेड मांडली. मुलीने एकेक उचललं, हात मागे नेऊन हवेत कापून पाहिलं. दुसरं ब्लेड तिने दोनदा घेतलं. फिकट रंगाचं, हलकं, पान जरा मोठं. तिने ते नखाने कानाजवळ वाजवलं. ही माझीच सवय तिला लागली होती, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. आवाज आला तो भद्द, ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा.

मी ते तिच्या हातातून घेतलं. स्वतः वाजवलं आणि दुकानदाराकडे बघून म्हणालो, ‘हे तर पोचट आहे हो. असा माल आमच्या डेपोत जळाऊमध्ये जाते.’

मग मला चेव चढला. एकेक ब्लेड कानाशी धरून मी वाजवत सुटलो. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती थांबून बघायला लागली. मी त्यांना ओंडका कसा ऐकायचा ते सांगत होतो. शेवटचं ब्लेड वाजवलं आणि कान तृप्त झाले. काय तो आवाज! पितळेच्या भांड्यासारखा. दुकानदार म्हणाला, याच्या लाकडात कार्बनचा पातळ पदर आहे, सगळ्यात भारी हेच. मी विजयी मुद्रेने ते मुलीच्या हातात ठेवलं.

‘कशी आहे?’

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, ‘चांगली आहे, बाबा.’ अगदी मोठ्याने म्हणाली, खणखणीत.

दुकानदाराने तिथेच रबर चिकटवून कडा कापून दिल्या. कापल्यावर परत घेत नाही, हेही त्याने सांगितलं. परत करतो कोण? बसमध्ये मी ती बॅट मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्यानंतरचे महिने कसे गेले हे मी तेव्हा नीट पाहिलंच नाही. आता आठवतं. तिचे कापलेले चेंडू टेबलावर उतरेनासे झाले. लांब जायचे, टेबल ओलांडून. ती आणखी मागे सरकायची, हात आणखी हळू फिरवायची. सकाळी अर्धा तास लवकर जायला लागली. सर कधी काही बोलले नाहीत, आणि मी विचारलं की ती म्हणायची, ‘नवीन आहे ना, बसून राह्यली हळूहळू हातात.’ बायकोने एकदा विचारलं, ‘पोरीचं तोंड काऊन उतरलं आजकाल?’ मी म्हणालो, परीक्षा आहे.

निवड चाचणी नागपूरलाच होती. तिसऱ्या फेरीत तिच्यासमोर आली ती मुलगी, जिला तिने आधी दोनदा सहज हरवलं होतं. मी बाकावर बसून बघत होतो. एकामागून एक चेंडू बाहेर. शेवटच्या गेममध्ये तर माझी मुलगी वाट चुकलेल्या माणसासारखी आपल्या बॅटकडे बघत होती. हरल्यावर हात मिळवला, घाम पुसला, बॅट पिशवीत नीट ठेवली. रडली नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. वरोऱ्यापर्यंत मी दम धरला. मग तोंड सुटलं ते सुटलंच. किती खटपट केली, कुठली बॅट आणून दिली, आणि शेवटी जे बोलायला नको होतं तेही बोललो. मी म्हणालो, ‘लाकूड चांगलं असून काय फायदा, हातच पोचट निघाला तर.’

ती खिडकीबाहेर बघत राहिली. महिन्याभराने म्हणाली, आता मन लागत नाही, अभ्यास करते. मी म्हणालो, तुझी मर्जी. वहीचं ते मागचं पान तिने फाडलेलं मला दिसलं होतं. मी काही विचारलं नाही. राग होता माझा.

बॅट मी काचेच्या कपाटात ठेवली, तिच्या शाळेच्या कपांशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवायचो आणि वाजवायचो. कधी ती घरी असताना सुद्धा. ती उठून चहा ठेवायला जायची.

ती शिकली, शिक्षिका झाली, धानोऱ्याला नोकरी लागली. जावई भला माणूस आहे. आमचं काही बिनसलेलं नव्हतं, दर रविवारी फोन असतो. म्हणून मी स्वतःला चांगला बाप समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून, मी एकदा सरांच्या हॉलवर जाऊन बसलो. सर आता थकलेत, पण शिकवतात. एक आई आपल्या मुलीसाठी ब्लेड घ्यायचं म्हणून विचारायला आली होती. सरांनी दोन ब्लेड काढली आणि एकेक तिच्या कानाशी वाजवलं. ‘बाई, हे खणखणीत वाजते ना, हे कडक. चेंडू लवकर सुटते. मारणाऱ्यासाठी. अन् हे दुसरं भद्द वाजते, हे नरम. चेंडू जरा वेळ धरून ठेवते. मागून कापून खेळणाऱ्याले हेच लागते. तुमची पोरगी मागून खेळते. तिले ते खणखणीत दिलं तर तिचा खेळ संपला समजा.’

मी बसलो होतो तो बसूनच राहिलो. ती बाई गेल्यावर मी सरांना विचारलं, ‘सर, माझ्या पोरीले…’

सरांनी माझ्याकडे बघितलं. ‘तुमाले अजून माहीत नाई?’ मग खाली बघून म्हणाले, ‘मी पहिल्याच दिवशी तिले सांगतलं, दुसरं ब्लेड घे, मी बोलतो बाबाशी. तिनं मले शपथ घातली. बाबाले सांगायचं नाई म्हणे.’

त्या आठवड्यात मी नीट जेवलो नाही. बायकोला सांगितलं तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘लाकडाचं ऐकलं, पोरीचं नाई ऐकलं.’ तिचं बरोबर होतं, आणि तरी मी तिच्यावर खेकसलो.

मग सरांकडूनच एक भद्द वाजणारं ब्लेड निवडून घेतलं, त्यावर तिचं ते जुन्या तऱ्हेचं रबर लावून घेतलं आणि गडचिरोलीमार्गे धानोऱ्याला गेलो. ती शाळेतून नुकतीच आली होती. पिशवीतून बॅट काढून तिच्या हातात दिली. तिने मुठीच्या वरच्या उघड्या लाकडावर नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. भद्द. तिने डोळे मिटले. हात आपसूक मागे गेला आणि तिने हवेत एकदा कापलं, जसं ती आलापल्लीच्या त्या हॉलमध्ये कापायची.

‘अशीच होती,’ ती म्हणाली. ‘दुकानातली दुसरी.’

‘मंग तवा काऊन नाई सांगतलं?’

ती हसली. ‘तुमी किती खूश होते बाबा त्या दिवशी. सगळ्या दुकानाले वाजवून दाखवून राह्यले होते. मले वाटलं, मी जमवून घेईन.’

चौदा वर्षांची होती ती. चौदा वर्षांच्या मुलीने बापाची हौस राखायला आपला खेळ देऊन टाकला आणि बाप तिच्यावरच रागावला. मला हुंदका आवरला नाही. तिने पाणी आणून दिलं. मी म्हणालो, आता खेळ, ही घे. ती बॅटवरून हात फिरवत म्हणाली, ‘इथी टेबल कुठी आहे, बाबा? अन् आता खांदा बी तसा उठत नाई.’ पण बॅट तिने परत दिली नाही, कपाटात वह्यांच्या वर ठेवली.

निघताना बसस्टँडवर ती सोडायला आली. बस लागली होती. जे विचारायला आलो होतो ते तोपर्यंत तोंडातून निघालं नव्हतं. पायरीवर पाय ठेवून मी विचारलं, ‘बेटा, त्या दिवशी बसमध्ये मी तुले काहीतरी बोललो होतो. तुले आठवते का?’

‘नाई, बाबा,’ ती लगेच म्हणाली. ‘काय बोलले होते?’

आवाज खणखणीत होता, त्या दुकानात ‘चांगली आहे, बाबा’ म्हणाली होती अगदी तसा.